सावड, पण सातासमुद्रापार

पेरणीच्या घाईत एका बैलजोडीनं भागत नाही, तेव्हा शेतकरी सावड करतात. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. पैसा मध्ये येत नाही, पण दिवसाला दिवस मोजून फेडला जातो. हीच सावड इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी कोणी काढली तर? काढली की राजेहो, १९४८ मध्येच, तीही लंडनात!

जेम्स न्यूबी नावाच्या गृहस्थांनी इंपीरियल कॉलेजात दहा देशांची माणसं एकत्र बसवली आणि 'आयएस्टे' नावाची संघटना उभी राहिली. विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं परदेशातल्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काही आठवडे खरं काम करायचं. राहण्याखाण्यापुरतं विद्यावेतन काम देणारा देतो, तिकीट मात्र आपल्या खिशातून. गंमत पुढेच आहे. जितकी पोरं बाहेर पाठवाल, साधारण तितक्याच परक्या पोरांना तुम्ही काम द्यायचं. भारतात या संघटनेचा कारभार कर्नाटकातल्या मणिपालहून चालतो.

म्हणजे अमरावतीच्या पोरीला जर्मनीत जागा हवी, तर इकडेही कुठेतरी एका परदेशी पोराची खुर्ची लागली पाहिजे. आपण मात्र 'आमचा कधी जाणार?' एवढंच विचारतो. 'कोणाचा आमच्याकडे येणार?' हे विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

अन् आला तर त्याला दाखवायला काय कमी आहे? पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा घ्या. अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलेला; जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. पाण्यावर काम करणाऱ्या पोराला इथे एक उन्हाळा पुरायचा नाही. शेजारी लोणार, बेसाल्ट खडकात उल्केनं पाडलेलं विवर. वर मेळघाट, १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी एक. अकोल्याच्या दालमिल तर आहेतच.

वऱ्हाडात सगळ्यात लांबलचक 'प्लेसमेंट' कोणाची झाली असेल? एका इंजिनाची! मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून शकुंतला रेल्वेला जुंपलं आणि १९९४ पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या नॅरोगेज मार्गावर राबलं. ७० वर्षांहून जास्त, तेही व्हिसा न वाढवता.

उलट दिशेनंही माणसं गेली, अन् तयारीनं गेली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं थेट बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. पापळचे पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला गेले, पण डॉक्टरेट केली वेदवाङ्मयातल्या धर्मावर! पुढे झाले देशाचे कृषिमंत्री. १९५९ मध्ये त्यांच्या पुढाकारानं दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर तिथे हजर होते. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं, त्याला नाव त्यांचंच.

वर्धा नदी ओलांडली की पांडुरंग खानखोजे भेटतात. नदीपलीकडचे म्हणून त्यांना वगळायचं मला जमणार नाही. क्रांतिकारक म्हणून घर सोडलं, जपान-अमेरिका करत मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं. डिएगो रिव्हेरानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. शेतीशास्त्रज्ञाच्या वाट्याला असा मान जगात किती वेळा आला असेल!

परदेशाची हौस नसली तरी कृषी महाविद्यालयातल्या पोरांना 'रावे' चुकत नाही. शेवटच्या वर्षाला खेड्यात जाऊन शेतकऱ्याच्या हाताखाली शिकायचं. पेपरात फोटो येतो तो 'कृषिकन्या' आणि 'कृषिदूत' म्हणून.

एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान उडतं. त्याआधी परदेशी निघालेली पोरं अंबानगरी एक्सप्रेसनं रात्र काढत मुंबई गाठायची, पुढचं विमान तिथून. अजूनही बरीच तशीच जातात, अन् शेगावला डब्यात कचोरी चढते ती वेगळीच.

आणि एक हिशेब. युरोपातल्या कॉलेजांना मोठी सुटी पडते जुलैपासून. म्हणजे पाहुणा अकोल्याच्या मे महिन्यातून वाचतो आणि नेमका सोयाबीन-कपाशीच्या डवरणीत उतरतो. त्याच्या हाती डवरा द्यायचा की खारं पाणी मोजायचं मीटर, ते वावराच्या मालकानं ठरवावं.