निष्पत्तींची यादी आणि लोणारचं पाणी

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी एक निवेदन ठेवलं. गावच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं, हे त्यात नेमकं सांगितलं होतं: मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता येणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची तोंडओळख, नीती आणि आरोग्य. जमेल तिथे शाळेला जोडून नमुन्याचं लहानसं शेत असावं, अशीही सूचना होती. खेड्यातला अभ्यासक्रम शहरापेक्षा आटोपशीर चालेल, पण व्यवहारात तो उणा पडता कामा नये, हा फुल्यांचा आग्रह. शाळेत शिकून मुलाला काय काय यावं, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा कागद माझ्या वाचनात नाही.

पुढे याद्या लांबत गेल्या. १९९१ च्या दवे समितीनं किमान अध्ययन क्षमता ठरवल्या. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत इयत्तावार, विषयवार ‘अध्ययन निष्पत्ती’ आल्या आणि बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर छापल्या जाऊ लागल्या. ही यादी मला मनापासून पटते, कारण ती ‘काय शिकवलं’ याऐवजी ‘मुलाला काय करता येतं’ असं विचारते. मूल मोजतं का, वर्गीकरण करतं का, पुरावा मागतं का, स्वतःच्या शब्दांत मत मांडतं का? हे पाठांतरानं साधत नाही. त्यासाठी मुलाच्या हाती काहीतरी असावं लागतं, आणि बुलढाणा जिल्ह्याएवढा ऐवज फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल.

लोणारचं विवर आणि त्यातलं सरोवरच घ्या. सातवीच्या विज्ञानात पदार्थ आम्ल, आम्लारी की उदासीन हे ओळखता येणं अपेक्षित आहे. एरवी वर्गात लिंबू आणि साबण येतात. लोणारला मात्र धारेचं गोडं पाणी आणि खाली सरोवराचं खारं, आम्लारिधर्मी पाणी अगदी जवळजवळ आहे. सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास. वनविभागाच्या परवानगीनं दोन बाटल्या भरून आणल्या आणि हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या घेतल्या, की तास तयार. सरोवराच्या पाण्यात पट्टी लालसर होते आणि फरक मुलाला डोळ्यांनी दिसतो. त्याच विवराच्या काठावर गणितही आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर धरला, तर परीघ साडेपाच किलोमीटरच्या थोडा वर जातो. वर्तुळ समजायला एवढं मोठं वर्तुळ दुसरं कुठे मिळणार?

पण लोणारची खरी शिकवण पुराव्याची आहे. हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद बराच काळ चालला. अमेरिकी आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी तिथं छिद्रं घेऊन खोलवरचे दगड तपासले. प्रचंड आघातानंच घडणाऱ्या खुणा त्यांना सापडल्या, आणि १९७३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाचं कोडं त्याहून मजेदार. एका पद्धतीनं विवर सुमारे ५० हजार वर्षांचं निघालं, तर २०११ मध्ये आर्गॉन वायूवर आधारलेल्या पद्धतीनं जवळपास ५ लाख ७० हजार. दोन्ही उत्तरं प्रामाणिक कामातून आलेली, आणि फरक दहापटींहून जास्त. हे आठवीतल्या मुलाला सांगितलं, की ‘मग खरं कोणतं?’ हा प्रश्न तो स्वतःच विचारतो. निष्पत्तीच्या यादीत प्रश्न विचारण्याला जी जागा दिली आहे, ती अशी भरते. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. दुर्दैवानं तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या, आणि जिल्ह्यातला सर्वांत मोठा विज्ञानाचा तास मुलांविना झाला.

गणिताच्या यादीत सातवीला घटनांची अनिश्चितता येते. पुस्तकात नाणं उडवतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते: शेतात धान्यं मांडतात, मधल्या घागरीशी चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं ठेवतात, आणि पहाटे पाहणी करून भाकीत सांगतात. श्रद्धेचा मान राखूनही मुलांना हे करता येईल: त्या वर्षीचं भाकीत एका रकान्यात, तालुक्याच्या पर्जन्यमापकावरचा महिन्यानुसार पाऊस दुसऱ्यात, शेजारी स्तंभालेख. काही वर्षं अशी नोंदवही ठेवली, तर मुलं आकड्यांवरून स्वतःचं मत बनवतील.

इतिहासासाठी सिंदखेडराजात लखुजी जाधवरावांचा वाडा, समाधी आणि जुने तलाव आहेत. भौतिक साधनं वाचायला एवढं पुष्कळ झालं.

भाषेचं मात्र दुखणं वेगळं आहे, आणि ते सगळ्यांच्या मुळाशी आहे. पाचवीपासून मुलानं वाचून शिकायचं असतं. वाचताच आलं नाही, तर विज्ञान, गणित, इतिहास एकाच वेळी बंद होतात. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांत पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शिवाय आपल्याकडे जळगाव जामोदच्या डोंगराकडेला निहाली बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत. निहालीचं कुठल्याही भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही, आणि बोलणारे सुमारे दोन-अडीच हजार. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत मराठी. अशा मुलाकडून ‘स्वतःच्या शब्दांत मत मांडावं’ अशी अपेक्षा आपण करतो, पण त्याचे स्वतःचे शब्द आधी ऐकायला हवेत. पहिली दोन वर्षं त्याच्या भाषेतल्या गोष्टी, गाणी, झाडापाखरांची नावं वर्गात आली, तर मराठीचा पूल बांधता येतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही शक्य तिथे पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह आहे. छापील निहाली वाचनसाहित्य मात्र गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊनच होईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बुलढाण्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं निष्पत्तींची यादी आणि जिल्ह्याचा नकाशा शेजारी ठेवून शिक्षकांसाठी एक पुस्तिका करावी. कुठल्या निष्पत्तीसाठी मुलांना कुठे न्यावं, तिथे काय मोजावं, कुणाला विचारावं, हे त्यात असावं. ती दरवर्षी शिक्षण परिषदेत शिक्षकांच्या अनुभवानं दुरुस्त व्हावी. खारपाणपट्ट्यातल्या शेगाव-संग्रामपूरकडच्या गावांसाठी तिच्यातलं पहिलं काम विहीर आणि कूपनलिकेच्या पाण्याच्या खारटपणाची तुलना हेच ठेवावं; ते पाणी त्या मुलांच्या घरात रोज येतं.