प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर : कार्यकाळाची अखेरची तीन वर्षे (१८९२–१८९५)

प्रस्तावना

आगरकरांचा परिचय बहुधा 'सुधारक'कार म्हणून करून दिला जातो. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले, ही बाब मात्र उपेक्षित राहते. वऱ्हाडातील प्राध्यापकांना तर आगरकर अधिक जवळचे आहेत. सातारा जिल्ह्यातील टेंभू येथे १४ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या या विद्यार्थ्याने १८७५ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली ती अकोल्याहून. आपले रिसोडही १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. प्रस्तुत लेखात आगरकरांच्या प्राचार्यपदाच्या कठीण काळाचे स्वरूप व त्याची कारणे यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० मध्ये, डेक्कन एज्युकेशन सोसायटीची १८८४ मध्ये व फर्ग्युसन महाविद्यालयाची १८८५ मध्ये झाली. या संस्थेचा कणा म्हणजे आजीव सदस्य. अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याची प्रतिज्ञा करणारे हे शिक्षकच संस्थेचा कारभारही पाहत. बाहेरचा मालक नसल्यामुळे मतभेदांचा निवाडा त्यांना आपसातच करावा लागे. वेतनवाढ द्यावी की नाही, सदस्यांनी संस्थेबाहेर अर्थार्जन करावे की नाही, या प्रश्नांवर टिळक व आगरकर यांचे मत जुळेना. सामाजिक सुधारणेविषयीचा विरोध त्यात मिसळला. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी'चे संपादकपद सोडले व १८८८ मध्ये 'सुधारक' काढले. १८९० मध्ये टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला.

पदग्रहण व तिहेरी ताण

पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे ऑगस्ट १८९२ मध्ये अकाली निधन झाले आणि छत्तीस वर्षांच्या आगरकरांकडे प्राचार्यपद आले. दोनच वर्षांत संस्थेने आपले दोन आधारस्तंभ गमावले होते. अध्यापन व प्रशासन यांचा वाढलेला भार हा पहिला ताण होय.

दुसरा ताण लोकमताचा होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने पुण्यातील समाज दुभंगला होता. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली, तर टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. बालविवाह, केशवपन व अंधश्रद्धा यांवर निर्भीडपणे लिहिणाऱ्या आगरकरांची सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्या समाजातून विद्यार्थी व देणग्या मिळवावयाच्या, त्याच समाजाचा रोष प्राचार्यांवर होता.

तिसरा ताण शरीराचा. दम्याने त्यांना दीर्घकाळ ग्रासले होते. प्रकृती खालावत असतानाही अध्यापन, कारभार व लेखन ही तिन्ही कामे त्यांनी चालू ठेवली. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडी रक्कम पुडीत बांधून ठेवली होती, अशी आठवण चरित्रकार नोंदवितात. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

पद कशामुळे टिकले?

इतका लोकक्षोभ असूनही आगरकर अखेरपर्यंत प्राचार्य राहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते याची दोन कारणे संभवतात. पहिले, संस्थेची रचना. ज्या रचनेमुळे १८९० ची फूट आवरता आली नाही, तिनेच आगरकरांना संरक्षणही दिले, कारण प्राचार्याचे भवितव्य देणगीदारांच्या मर्जीपेक्षा सहकारी शिक्षकांच्या विश्वासावर अवलंबून होते. दुसरे, आगरकरांनी स्वतः राखलेली मर्यादा. आपली मते मांडण्यासाठी त्यांनी स्वतंत्र पत्र चालविले, त्यामुळे त्या मतांची जबाबदारी त्यांची स्वतःची राहिली. मात्र या व्यवस्थेची किंमतही होती. अल्प वेतन व मोजकेच सहकारी यांमुळे आजारी प्राचार्यास विश्रांती मिळणे दुरापास्त होते. त्यागावर उभ्या राहिलेल्या संस्थेने त्याग करणाऱ्याच्या प्रकृतीची तरतूद केलेली नव्हती.

समारोप

आगरकरांनंतर महादेव शिवराम गोळे प्राचार्य झाले आणि महाविद्यालय वाढत गेले. आज परिस्थिती बदलली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षे ठरविली, वेतनश्रेणी निश्चित झाली. तथापि संस्थाचालक, समाज व स्वतःची विवेकबुद्धी यांच्यातील ओढाताण संपलेली नाही. नियम प्राचार्याचे पद सुरक्षित करतात. त्याच्या विचारस्वातंत्र्याचे रक्षण मात्र सहकाऱ्यांच्या विश्वासावरच अवलंबून असते. मतभेद असतानाही तो विश्वास देण्याची तयारी आपल्या प्राध्यापकवर्गात आहे काय, हा प्रश्न आगरकरांची अखेरची तीन वर्षे आपल्यापुढे ठेवतात.