बाहुली मजबूत कशाने होते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुठ्ठ्याच्या खोक्यातून लेकरासाठी बाहुलीघर उभं राहतं. अडतं ते त्या घरात राहायला येणाऱ्या माणसांपाशी. स्वस्त बाहुली टिकत नाही, टिकणारी परवडत नाही, आणि कागदाची किंवा चिंध्यांची बाहुली तर चार दिवसांची, असं सरसकट धरलं जातं. यातला कागदाबद्दलचा गैरसमज जव्हार-मोखाड्यात तरी उरायला नको. या मुलखात बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात सोंगं नाचतात. त्यांचे मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात, आणि जव्हार तालुक्यातलं रामखिंड या कामासाठी ओळखलं जातं. मुखवटा डोक्याला घट्ट आवळून माणूस वाद्यांच्या तालावर नाचतो, घामाने निथळतो, तरी मुखवटा तडकत नाही. कागदाचे तंतू आडवेउभे एकमेकांत गुंततात आणि खळ त्यांना धरून ठेवते. भिजवून कांडलेल्या रद्दीत मेथी वाटून घालायची आणि त्याने टोपल्या लिंपायच्या, ही तर आपल्याकडच्या घराघरांतली जुनी रीत. चार बोटांची भरीव बाहुली त्याच लगद्यातून का होऊ नये?

पाण्यात ती विरघळेल, हा आक्षेप खरा आहे. अजून सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला लगद्याची बाहुली देऊच नये. पण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाहुलीघरात बाहुलीचं काम बसणं, झोपणं, पडणं आणि पुन्हा उभं राहणं एवढंच असतं. तिथे घात करतात ते सांधे. प्लॅस्टिकची बाहुली न मोडणारी वाटते ती तिच्या गुळगुळीत अंगामुळे. मात्र हात-पाय खुंटीवर बसवलेले असतील, तर ओढाताणीत पहिली खुंटीच जाते, आणि तो हात घरी परत बसवता येत नाही. म्हणून बाहुली घेताना किंमत पाहण्याआधी हात ओढून पाहावा. एका तुकड्यातून घडवलेली, हात अंगाला चिकटलेली साधी लाकडी ठकी दिसायला कमी नखरेल असेल, पण तिच्यात निखळायला काही नसतंच.

लाकूड नैसर्गिक म्हणून निर्धोक, हेही अर्धंच खरं. धोका रंगात, कुसळात आणि सुट्या भागांत असतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने बाहुली घासून पाहावी. फडक्याला रंग लागला तर ती मुलाच्या हाती देऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याची कसोटी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीने घेतात. नळीत पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्यावा. नाण्याहून थोडी मोठी टोपीही त्या नळीत जाते. 1 जानेवारी 2021पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मग आठवडी बाजारातली चिन्ह नसलेली बाहुली बेकायदा का? तसं म्हणता येत नाही. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे. अर्थात सूट म्हणजे तपासणी झाली असं नव्हे, म्हणून फडकं आणि नाणं आपल्यालाच सोबत ठेवावं लागतं.

राहिली चिंध्यांची बाहुली. ती लुळी पडते, उभी राहत नाही, ही तक्रार खरी असली तरी दोष कापडाचा नसून भरण्याचा आहे. सैल कापूस काही दिवसांत गोळा होतो आणि मान मोडते. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून अंग केलं, तर मान ताठ राहते. हात वरून टाचायचे नाहीत, अंगाची शिवण घालतानाच ते आत धरायचे आणि धावदोऱ्याऐवजी टीप मारायची. डोळ्यांना बटणं किंवा मणी नकोत, दोऱ्याने भरलेले डोळे निखळत नाहीत. तार घालून उभी करण्याचा मोह टाळावा, कारण वाकवून वाकवून तार कधीतरी कापडाबाहेर टोचतेच. घेरदार परकर शिवून तो खाली पट्ट्यांनी गच्च भरला की तोच बैठक होतो. अशी बाहुली धुता येते आणि उसवली तर त्याच संध्याकाळी शिवता येते. कागदाला किंवा खुंटीच्या प्लॅस्टिकला हे दोन्ही जमत नाही, म्हणून अगदी लहान मुलाकरता पहिली पसंती हिलाच द्यायला हवी.

आणि माप. संग्राहकांची बाहुलीघरं खऱ्याच्या एक बारांश मापाची असतात, त्यात मोठं माणूस साधारण 14 सेंटीमीटरचं, बारीक बोटांचं आणि नाजूक. ते माप घरच्या खोक्यावर लादण्याची गरज नाही. उलट 29 सेंटीमीटरची बार्बी 20 सेंटीमीटरच्या मजल्यात उभी मावत नाही, आणि घेतलेली बाहुली मग घराबाहेरच राहते. बाजारात जाताना मजल्याच्या उंचीएवढा दोरा कापून न्यावा. त्याच्या निम्म्याहून थोडी उंच आणि मुलाच्या मुठीत कंबर बसेल एवढी जाड बाहुली निवडावी, किंवा मुखवटे करणाऱ्या कारागिराच्या हाती तो दोराच द्यावा.