ओव्हनविना, अंड्याविना : नाताळसाठी चॉकलेट ट्रफल

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला की आपल्या घरांतील स्वयंपाकघरांना वेगळाच वास येऊ लागतो. करंज्यांचे सारण परतले जाते, कलकल वळण्यासाठी मुलांच्या हाती काटे-चमचे व कंगवे दिले जातात, मिल्क क्रीमचे रबरी साचे वर्षभराच्या अडगळीतून बाहेर येतात. या फराळाविषयी आम्ही नव्याने काही सांगावे असे नाही. ते ज्ञान आजीकडून नातीकडे आपोआप जात असते. मात्र अलीकडे अनेक भगिनी आमच्याकडे एका वेगळ्या पदार्थाची चौकशी करतात. तो म्हणजे चॉकलेट ट्रफल. शहरातील मिठाईच्या दुकानात सोनेरी कागदात गुंडाळलेले सहा-आठ गोळे मोठ्या किमतीस मिळतात, ते घरी करता येतील काय, असा त्यांचा प्रश्न असतो. करता येतात; आणि त्यासाठी ओव्हन लागत नाही, अंडे लागत नाही, भट्टी पेटवावी लागत नाही.

हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या एका कारणासाठी. नाताळचे ताट आपण शेजारी पाठवतो, तेव्हा त्यातील केक काही घरांत तसाच पडून राहतो, कारण त्यात अंडे असते. फळे रममध्ये भिजवलेली असल्यास आणखी काही घरे वगळली जातात. कडक कलकल दात नसलेल्या आजीआजोबांना चावत नाहीत. ट्रफल हा जाणीवपूर्वक केला तर यांपैकी कोणाच्याही दारातून परत न येणारा गोड पदार्थ आहे. जाणीवपूर्वक असे आम्ही म्हणतो, कारण तो निष्काळजीपणे केला तर हीच बाजू सर्वप्रथम बिघडते. त्याविषयी पुढे लिहिलेच आहे.

ट्रफल हे मुळात जमिनीखाली उगवणाऱ्या एका मौल्यवान अळंबीचे नाव. फ्रान्स व इटलीतील काही भागांत, झाडांच्या मुळांशी ती सापडते आणि कुत्र्यांच्या साहाय्याने हुंगून काढली जाते. मातीने माखलेल्या त्या ओबडधोबड गाठीसारखा दिसतो म्हणून कोको पावडरमध्ये घोळवलेल्या चॉकलेटच्या गोळ्यास हे नाव मिळाले. त्यामुळे गोळे अगदी लाडवासारखे गोल झाले नाहीत तरी खंत करू नये. ओबडधोबडपणा हेच त्याचे मूळ रूप आहे.

प्रथम साहित्य. चारशे ग्रॅम डार्क चॉकलेट, दोनशे मिलिलीटर फ्रेश क्रीम (बाजारात मिळणारे एक लहान खोके), तीस ग्रॅम बिनमिठाचे बटर, चिमूटभर मीठ आणि घोळवण्यासाठी अर्धी वाटी साखरविरहित कोको पावडर. एवढ्यात मोठ्या सुपारीएवढे सुमारे चाळीस गोळे होतात. परदेशी पाककृतींत चॉकलेट व क्रीम समसमान घेण्यास सांगितलेले असते. आम्ही पहिल्या वर्षी तेच प्रमाण घेतले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही मिश्रण चमच्यावरून ओघळत राहिले. शेवटी ते पावाला लावून संपवावे लागले. कारण नंतर ध्यानी आले. तिकडच्या घट्ट क्रीममध्ये स्निग्धांश पस्तीस टक्क्यांच्या आसपास असतो, तर आपल्याकडील खोक्यातील क्रीममध्ये तो बहुधा पंचवीस टक्के असतो. उरलेले बरेचसे पाणीच. म्हणून आपल्याकडे चॉकलेट क्रीमच्या दुप्पट घ्यावे. मिल्क चॉकलेट वापरायचे असेल तर तिप्पट.

चॉकलेट विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. तिच्यात कोको बटर लिहिलेले असेल तर ते खरे चॉकलेट. त्याऐवजी वनस्पतीजन्य स्निग्धांश लिहिलेला असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड स्वस्त पडते, उन्हाळ्यातही टिकते व गोळे त्याचेही होतात. मात्र जिभेवर ते मेणासारखे रेंगाळते. कोको बटर साधारण चौतीस अंश सेल्सियसला वितळते आणि आपल्या तोंडाचे तापमान त्याहून थोडे अधिक असते. ट्रफल तोंडात ठेवताच विरघळतो, याचे सारे रहस्य या दोन-तीन अंशांत आहे. ऐपत असेल तर खरे चॉकलेट घेऊन गोळे निम्मेच करावेत, असा आमचा सल्ला राहील.

आता कृती. चॉकलेट सुरीने अगदी बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्यावे. कोरड्या हा शब्द आम्ही मुद्दाम लिहितो. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब पडले तर त्यातील साखर व कोकोचे कण एकमेकांस चिकटतात आणि क्षणात त्याची खरखरीत ढेप होते. भांडे, चमचा, सुरी, हात, सारे पुसून घ्यावे. दुसऱ्या लहान पातेल्यात क्रीम, बटर व मीठ मंद आचेवर ठेवावे. कडेने बारीक बुडबुडे दिसू लागले की लगेच उतरावे. खळखळ उकळी येऊ देऊ नये. हे गरम क्रीम चिरलेल्या चॉकलेटवर ओतून वर झाकण ठेवावे आणि तीन मिनिटे त्याला मुळीच हात लावू नये. हीच तीन मिनिटे बहुतेकांना निभत नाहीत. चॉकलेट आतून पुरते मऊ होण्यापूर्वीच चमचा घातला तर गुठळ्या राहतात.

त्यानंतर मध्यभागी चमचा ठेवून लहान लहान वर्तुळांत, एकाच दिशेने, हळूहळू ढवळावे. आरंभी मिश्रण फाटल्यासारखे दिसते. मग मध्यभागी एक तुकतुकीत काळा ठिपका तयार होतो आणि तो कडेकडे पसरत जातो. सगळे मिश्रण आरशासारखे चमकू लागले की थांबावे. कधी कधी ते खरोखरच फाटते व तेल वर येते. तसे झाल्यास टाकून देऊ नये. एक चमचा कोमट दूध घालून मध्यापासून पुन्हा ढवळावे, लागल्यास आणखी एक. स्निग्धांश व पाणी यांचे बिघडलेले प्रमाण सावरले की ते पूर्ववत जुळून येते. मघाशी पाण्याचे थेंब वर्ज्य म्हटले आणि आता दूध घाला म्हणतो, हे विसंगत वाटेल. पण कोरड्या चॉकलेटला थोडे पाणी घातक असते, तर क्रीम मिसळलेल्या चॉकलेटला थोडे अधिक पाणी चालते.

मिश्रण निवल्यावर झाकून दोन ते तीन तास फ्रिजमध्ये ठेवावे. येथे आपल्या घरांपुरती एक सूचना. नाताळच्या आदल्या दोन दिवसांत आपल्या फ्रिजमध्ये मसाला लावलेले मांस, मासळी आणि चिरलेला कांदा दाटीवाटीने बसलेला असतो. चॉकलेटमधील स्निग्धांश आजूबाजूचा वास फार लवकर शोषून घेतो. घट्ट झाकणाचा डबा नसेल तर हा उद्योग त्या दोन दिवसांत करूच नये. आगमनकाळाच्या चौथ्या आठवड्याची सुरुवात त्यासाठी बरी.

गोळे वळताना हात थंड पाण्याने धुऊन कोरडे करावेत. आपल्या किनारपट्टीवर डिसेंबरातही दुपारचा पारा तिशीच्या आसपास असतो, म्हणून पहाटे किंवा दिवे लागल्यानंतर वळावेत. चमच्याने थोडे थोडे मिश्रण काढून तळहातावर दोन-तीन फेऱ्यांतच गोळा करावा व लगेच कोको पावडरमध्ये सोडावा. लाडवासारखे दाबत बसल्यास तो हातातच वितळतो. मुलांचे हात अनेकदा मोठ्यांहून उबदार असतात; त्यांना वळण्याचे नव्हे, घोळवण्याचे काम द्यावे. कोकोऐवजी भाजलेल्या काजूचा चुरा किंवा सुक्या खोबऱ्याचा कीस चालतो. ओले खोबरे वापरू नये, ते दुसऱ्याच दिवशी आंबते. वसई-आगाशीकडील सुकेळी मिळाली तर तिचे अगदी बारीक तुकडे करून दोन चमचे मिश्रणात घालून पाहावेत. राजेळी केळ्याचा तो मधासारखा गोडवा कडवट चॉकलेटला फार साजतो. सुकेळी करणारी घरे आता कमी उरली आहेत, म्हणूनही.

आता रमविषयी. पुष्कळ पाककृतींत दोन चमचे रम किंवा ब्रँडी सांगितलेली असते. केक भाजताना मद्याचा बराच अंश उष्णतेने उडून जातो. सगळाच जातो असे नाही, पण बराच जातो. ट्रफलमध्ये मद्य शेवटी, मिश्रण कोमट झाल्यावर घातले जाते आणि त्यानंतर ते विस्तवावर जात नाही. म्हणजे घातलेले मद्य जसेच्या तसे गोळ्यात राहते. हा पदार्थ मुले मुठीने खातात. शिवाय आपल्या वाड्यावस्त्यांत दारू सोडण्यासाठी दिवसागणिक झगडणारे बांधव आहेत आणि त्यांच्यासाठी हाच सणाचा आठवडा सर्वांत अवघड असतो. वासानेही ज्याची जुनी तहान जागी होते, त्याच्यापुढे नकळत असा गोळा ठेवणे योग्य नव्हे. आमच्या घरी आम्ही रम घालत नाही. त्याऐवजी एका संत्र्याची केशरी साल किसून गरम क्रीममध्ये दहा मिनिटे मुरवतो, मग क्रीम गाळून पुन्हा गरम करतो. सालीखालचा पांढरा भाग किसला जाणार नाही एवढे पाहावे, तो कडू असतो. ज्यांना रम घालायचीच असेल त्यांनी ते गोळे वेगळ्या डब्यात ठेवावेत व डब्यावर तसे स्पष्ट लिहावे. काजू असल्यास तेही लिहावे. काहींना त्याची बाधा होते. चॉकलेटच्या वेष्टनावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह आहे हे पाहून घेतले की शेजारच्या घरी देताना संकोच उरत नाही. मधुमेह असलेल्यांना मात्र डार्क म्हणजे बिनसाखरेचे, असे सांगून आग्रह करू नये. त्यातही साखर असतेच. आणि घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवावा, चॉकलेट त्याच्यासाठी विष आहे.

क्रीम असल्यामुळे हे गोळे फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, बाहेर मात्र दोन तासांहून अधिक ठेवू नयेत. ज्यांच्याकडे फ्रिज नाही किंवा ज्यांना ताट दूरच्या गावी पाठवायचे आहे, त्यांनी ब्राझीलची पद्धत अवलंबावी. तेथे कंडेन्स्ड दुधाचा एक डबा, तीन चमचे कोको व एक चमचा बटर एकत्र करून मंद आचेवर आटवतात. बर्फीच्या मिश्रणाप्रमाणे ते पातेल्याच्या तळापासून सुटू लागले की उतरवून, निवल्यावर, हाताला बटर लावून गोळे वळतात. त्यास ब्रिगादेइरो म्हणतात. 1945 च्या निवडणुकीतील एक उमेदवार, ब्रिगेडियर एदुआर्दो गोमेस यांच्यावरून हे नाव पडल्याचे सांगितले जाते. हे गोळे दोन-तीन दिवस बाहेर राहू शकतात आणि खर्चही कमी येतो.

चॉकलेटचा व ख्रिस्तसभेचा एक जुना संबंध येथे सांगण्याजोगा आहे. मेक्सिकोतून चॉकलेट युरोपात आले ते पेय म्हणून, आणि त्याबरोबर वादही आला : उपवासाच्या दिवशी ते घ्यावे की नाही? 1636 मध्ये आंतोनियो दे लेओन पिनेलो यांनी माद्रिद येथे याच प्रश्नावर एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. 1664 मध्ये कार्डिनल फ्रान्चेस्को मारिया ब्रांकाचो यांनी, पेयाने उपवास मोडत नाही, या तत्त्वाचा आधार घेऊन चॉकलेटच्या बाजूने लिहिले. आपल्या गोळ्यांना ती सवलत मिळाली नसती हे उघड आहे. खाण्याचे घट्ट चॉकलेट तर पुष्कळ नंतर, 1847 च्या सुमारास, इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे फ्राय यांच्या कारखान्यात तयार झाले.

त्याच चॉकलेटची एक बाजू मात्र कडू आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांतून येतो आणि तेथील मळ्यांत लहान मुलांना राबवले जाते. हे थांबवण्याचा करार मोठ्या उत्पादकांनी 2001 मध्ये केला, तरी ते थांबलेले नाही. आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडूत कोकोची लागवड होते. कर्नाटकातील पुत्तूर येथे शेतकऱ्यांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना 1986 पासून आहे. खरेदी करताना कोको कोठला, हे एकदा वेष्टन उलटून पाहण्यास वेळ लागत नाही.

राहिला नाताळच्या रात्रीचा प्रश्न, कारण तो दरवर्षी मुलेच विचारतात : मिस्सेला जाण्यापूर्वी एक खाल्ला तर चालेल का? धर्मसभेच्या विद्यमान नियमानुसार ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी किमान एक तास पाणी व औषध यांखेरीज काही घ्यावयाचे नसते. हा तास मिस्सेच्या आरंभापासून नव्हे, तर ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या क्षणापासून मागे मोजावयाचा. वयोवृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना हा नियम लागू नाही. तेव्हा घरी राहिलेल्या आजीला आणि तिच्याजवळ बसलेल्या सुनेला, कोणी ख्रिस्तशरीर घेऊन येणार असले तरी, एकेक गोळा देऊन निघावे. बाकीच्यांनी परतल्यावर डबा फ्रिजमधून काढून दहा मिनिटे ओट्यावर ठेवावा. तोवर चहाला आधण येते.