रेषेच्या आतली विश्रांती

कंटाळवाण्या तासाला वहीच्या समासात चौकोन काढून ते पेन्सिलीने भरत बसणाऱ्या मुलाला आपल्याकडे हमखास ओरडा बसतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी नेमकं हेच काम प्रयोगासाठी निवडलं. त्यांनी ४० जणांना टेलिफोनवरच्या निरोपाची एक रटाळ ध्वनिफीत ऐकवली. वाढदिवसाला कोण येणार, कोण नाही, मधे मधे गावांची नावं, असं सगळं सुमारे अडीच मिनिटं एकाच सुरात चाललेलं. निम्म्यांच्या पुढ्यात छापील आकारांचा कागद ठेवला होता आणि ऐकता ऐकता ते आकार भरायला सांगितलं होतं. ध्वनिफीत संपल्यावर, आधी कसलीही कल्पना न देता, काय काय आठवतं ते विचारलं. आकार भरणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त आठवत होतं.

२०१० साली छापून आलेल्या या प्रयोगाचा अर्थ अँड्रेड यांनी सावधपणे लावला. कंटाळा आला की माणूस दिवास्वप्नात शिरतो आणि समोरचं ऐकणं सुटतं. हाताला जुजबी काम असलं, तर मनाला फार लांब जाता येत नाही. त्याच वर्षी हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. २,२५० जणांना त्यांच्या मोबाइलवर दिवसभरात कधीही अचानक विचारलं जाई: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, बरं वाटतंय का? उत्तरांपैकी जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच, आणि भरकटलेल्या मनाची माणसं कामात असलेल्यांपेक्षा कमी आनंदी होती.

रोज थोडा वेळ रंग भरत बसण्याचा विचार मला या दोन गोष्टींपासून सुरू करावासा वाटतो. स्कॉटलंडच्या चित्रकार जोहाना बॅसफर्ड यांचं ‘सीक्रेट गार्डन’ २०१३ मध्ये आलं आणि मोठ्यांसाठीच्या रंगवायच्या पुस्तकांची जगभर लाट उसळली. मुखपृष्ठांवर मनःशांतीची आश्वासनं छापली जाऊ लागली. त्यातलं किती खरं, हे तपासणारे प्रयोग मात्र त्याआधीच सुरू झाले होते.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या नॉक्स कॉलेजमध्ये नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी आयुष्यातल्या सर्वांत भीतिदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. लिहिता लिहिता त्यांची चिंता वाढली, आणि ती वाढावी हाच हेतू होता. मग २० मिनिटं रंगकाम. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडलेले: एकाला मध्याभोवती सममित आकारांचं मंडल रंगवायचं होतं, दुसऱ्याला चौकडीच्या कापडासारखी आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी, तिसऱ्याला कोरा कागद आणि मनाला येईल ते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मंडल आणि चौकडी भरणाऱ्यांची चिंता जवळजवळ सारखीच उतरली. कोऱ्या कागदावाल्यांना तसा फायदा झाला नाही.

कोरा कागद म्हणजे स्वातंत्र्य, असं आपण म्हणतो. पण आधीच धास्तावलेल्या माणसासाठी तो आणखी एक प्रश्न असतो: काय काढू, जमेल का, कसं दिसेल? छापील रेषा हे मोठे प्रश्न काढून घेते आणि छोटे तेवढे ठेवते. ही पाकळी लाल की केशरी, शेजारच्या घरात कोणता रंग, कोपऱ्यात पेन्सिलीचं टोक कसं वळवायचं. चुकलं तरी बिघडत नाही अशा निर्णयांची ती एक संथ रांग असते. रंग भरण्यातला आराम मला मुख्यतः इथे दिसतो.

मेंदूच्या बाजूनेही याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची मांडणी केली. पुढच्या काही सेकंदांत लागणारी माहिती आपण जिथे तात्पुरती धरून ठेवतो, ती ही स्मृती. तिचा एक भाग शब्दांसाठी, तर एक आकार, रंग आणि जागा यांसाठी असतो. हा दुसरा भाग म्हणजे मनातली एक लहानशी पाटी. तिच्यावर एका वेळी फार काही मावत नाही. आणि चिंता बरेचदा चित्रांतूनच येते: रुग्णालयाचा दरवाजा, परीक्षेचा हॉल, साहेबांचा चेहरा. डोळे, हात आणि रंगाची निवड यांनी पाटी व्यापली की त्या चित्रांना जागा कमी पडते. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याच तत्त्वाचा प्रयोग ‘टेट्रिस’ या पडणारे ठोकळे जुळवण्याच्या संगणकीय खेळावर केला. अपघातांची विदारक दृश्यं पाहिल्यानंतर दहा मिनिटं टेट्रिस खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. टेट्रिस म्हणजे रंगकाम नव्हे. पण आकार आणि जागा यांत गुंतलेलं मन नकोशा चित्रांना कमी थारा देतं, एवढा धागा दोन्हींत समान आहे.

मंडलाभोवती मात्र फार गूढ वलय तयार झालंय. त्यात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचा वाटा मोठा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ च्या सुमारास, तो स्वित्झर्लंडमधल्या शातो-डे इथे इंग्रज युद्धकैद्यांच्या छावणीवर अधिकारी होता. तिथे तो रोज सकाळी वहीत एक लहान गोलाकार आकृती काढी आणि आपल्या मनाची त्या दिवसाची स्थिती तीत पाही. एका विचारवंताची ती साधना होती, आणि ती त्याने स्वतः काढलेल्या आकृतींची होती, छापील नव्हे. प्रयोगांचं म्हणाल, तर २००५ मध्ये चौकडी मंडलाइतकीच उपयोगी ठरली. २०१२ मध्ये ५० जणांवर तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मंडल सरस ठरलं. एवढ्या लहान गटांवरून मंडलात खास शक्ती आहे असं म्हणता येत नाही. आवडत असेल तर मंडल घ्यावं, नाहीतर पानं-फुलं, पैठणीच्या काठावरचे मोर, शहराचा नकाशा, काहीही.

हे सगळे एका बैठकीचे परिणाम झाले. रोजच्या सवयीचं काय? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १०४ तरुणींवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नाचा आहे. काहींनी आठवडाभर रोज निदान दहा मिनिटं रंग भरले, इतरांनी सुडोकूसारखी कोडी सोडवली. आठवड्यानंतर रंग भरणाऱ्यांची नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं कमी झाली होती. कोडी सोडवणाऱ्यांत तसं दिसलं नाही. मात्र संकटातून सावरण्याची ताकद किंवा सजगता यांत रंगकामाने विशेष फरक पडला नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. दहा मिनिटांच्या रंगकामाने दिवस हलका होऊ शकतो, स्वभाव बदलत नाही.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल यांनी लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं हे संप्रेरक. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं माती, कात्रणं, स्केचपेन यांतून हवं ते केलं. सुमारे ७५ टक्के जणांचं कॉर्टिसोल उतरलं. कलेचा आधीचा अनुभव असणं-नसणं यानेही फरक पडला नाही, आणि ‘मला चित्रकला येत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं. या प्रयोगात तुलनेसाठी काहीच न करणारा गट नव्हता, ही त्याची उणीवही त्याच दमात सांगायला हवी. कैमल यांनीच पुढे २६ जणांच्या कपाळावर रक्तप्रवाह मोजणारा पट्टा बांधून रंग भरणं, रेघोट्या मारणं आणि मुक्त चित्र काढणं यांची तुलना केली. मेंदूच्या पुढच्या भागातला, समाधान आणि बक्षिसाच्या भावनेशी जोडलेल्या जागेतला रक्तप्रवाह तिन्हींमध्ये विश्रांतीच्या वेळेपेक्षा वाढलेला होता.

आता मुलांकडे. इथे मी पालकांना थोडं थांबायला सांगेन. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात रंगवायच्या पुस्तकांवर कडक टीका केली. तयार कुत्रा रंगवलेल्या मुलाला स्वतःचा कुत्रा काढावासा वाटत नाही, असा त्यांचा आक्षेप. लहान मुलांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. मुठीत खडू धरून गिरगटणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला रेषेच्या आत राहायला लावणं म्हणजे त्याच्या बोटांकडून अजून न आलेली ताकद मागणं. त्या वयात मोठा कोरा कागद आणि जाड तेलखडू द्यावेत. शाळकरी मुलांना मात्र छापील आकारही चालतात. कॅनडात २०१५ मध्ये ५२ मुलांना शुद्धलेखनाच्या चाचणीआधी रंग भरायला दिले. मंडल असो वा मोकळा कागद, दोन्ही गटांत परीक्षेची धास्ती कमी झाली. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या संकल्पचित्राच्या पेपरात सपाट, एकसारखा रंग भरता येणं ही गुण मिळवण्याची बाब असते. तेवढा रियाज करूनही परीक्षा संपल्यावर ब्रश बंद होतात, याचं मला फार वाईट वाटतं. घरीही झाडाचं पान निळं केलं म्हणून मुलाला टोकलं की पुढच्या खेपेला ते आपल्याला विचारून हिरवं करतं, आणि त्यातली मजा तिथेच संपते.

आजी-आजोबांसाठी वेगळी काळजी लागते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा-जांभळा प्रकाश आत कमी पोचतो. त्यामुळे गडद निळा आणि काळा, जांभळा आणि तपकिरी यांत गोंधळ होतो. क्लोद मोने या थोर चित्रकाराला मोतीबिंदू झाला, तेव्हा तो रंगांच्या नळ्यांवरची नावं आणि पॅलेटवरचा ठरलेला क्रम यांच्या भरवशावर रंगवत असे. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणून घरातल्या ज्येष्ठांच्या रंगीत पेन्सिलींवर कागदाची पट्टी चिकटवून ठळक अक्षरात रंगाचं नाव लिहावं. टेबल खिडकीजवळ असावं, आकार मोठे आणि रेषा जाड असाव्यात. बोटं दुखत असतील तर पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी.

साहित्यावर फार खर्च करायची गरज नाही. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या आणि पुढे कॅमलिन म्हणून वाढलेल्या उद्योगाच्या रंगपेट्या महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या घरोघरी आहेत. तसल्या साध्या बारा पेन्सिली पुरतात. रंगीत पेन्सिलीचं शिसं म्हणजे मेण, चिनी माती आणि रंगद्रव्य यांचं मिश्रण. काळ्या पेन्सिलीच्या शिशासारखं ते भट्टीत भाजलेलं नसतं, म्हणून पेन्सिल पडली की ते आतल्या आत तुटतं. जोर देऊन घोटलं तर कागदावर मेणाचा गुळगुळीत थर बसतो आणि त्यावर दुसरा रंग धरत नाही. हलक्या हाताने एकावर एक थर चढवले तर रंग खुलतो, आणि हाताची गतीही आपोआप संथ होते. मोबाइलवर बोट टेकवलं की घर भरून टाकणारी अॅप्स हा हाताचा भागच काढून टाकतात. माझ्या मते तिथे रंगकामाचा निम्मा उपयोग हरवतो.

सवय लागते कशी? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या क्षणाला नवं काम जोडलं. ते अंगवळणी पडायला सरासरी दोनएक महिने लागले. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. कामाला काम जोडणं आपल्याकडच्या बायका फार आधीपासून जाणतात. अंगण झाडून झालं, सडा घातला की रांगोळी येते. तिची आठवण वेगळी करावी लागत नाही. ठिपके, रेषा, मग रंग, आणि दुसऱ्या दिवशी जुनी पुसून नवी. रंगकामालाही असंच एखादं आधीचं काम जोडून द्यावं. संध्याकाळचा चहा झाला की दहा मिनिटं, किंवा रात्री जेवणानंतर ओटा आवरला की दहा मिनिटं. वही आणि पेन्सिली कपाटात न ठेवता टेबलावर दिसतील अशा ठेवाव्यात. घरातली दोघं-तिघं मिळून एकाच पानावर बसली तर आणखी उत्तम. नात काठ भरेल, आजी मधलं फूल. पान पूर्ण झालंच पाहिजे असा हट्ट धरू नये आणि कुणाला गुण देऊ नयेत.

एक मर्यादा ठळकपणे सांगायला हवी. कैमल यांच्याच एका अभ्यासात नुसतं रंग भरणं आणि प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञाच्या सोबतीने हवं ते करणं यांची तुलना झाली. ताण दोन्हींत कमी झाला. पण उत्साह आणि स्वतःवरचा विश्वास तज्ज्ञाच्या सोबतीत बसलेल्यांचाच वाढला. रंगवायचं पुस्तक म्हणजे उपचार नव्हे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मनावरचं ओझं आठवडेच्या आठवडे उतरत नसेल, तर पेन्सिली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तिथे मराठीतही बोलता येतं.