हातचा येईपर्यंत

१२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा. एकं, दहं, शतं म्हणत डावीकडे गेलं की शेवटचा १ ‘मध्य’ या स्थानी येतो. परार्ध फक्त एक घर पुढे. उलटी वाचा, सुलटी वाचा, संख्या तीच. आणि हा वर्ग आहे १११११११११ चा, म्हणजे नऊ एक्क्यांचा.

असं का, हे शाळेतल्या पद्धतीने गुणाकार मांडला की कळतं. १११ ला १११ ने गुणताना तीन ओळी येतात, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रांगांमध्ये एक, दोन, तीन, दोन, एक असे एक्के जमतात: १२३२१. नऊ एक्के घेतले तर मधल्या रांगेची बेरीज ९, त्यामुळे हातचा कुठेच नाही. आता दहा एक्के घ्या. मधल्या रांगेत १०. शून्य मांडलं, हातचा एक. शेजारच्या नवाचेही दहा झाले; पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि तिथे प्रकरण थांबतं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा ८ गायब!

या वर्गांना नाव दिलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीत शाळामास्तरकीची. जी. आय. पी. रेल्वेवरच्या, मुंबईपासून ३० मैलांवरच्या ज्या स्टेशनात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, त्याच्या नावावरून त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. हे स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगतात. (त्या फलाटावर आज उभं राहायला जागा मिळाली तरी खूप.) १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात लिहिलं, तेव्हा कापरेकर जगाला ठाऊक झाले.

हे दशमान पद्धतीचे चाळे आहेत, असा आक्षेप घेता येतो, आणि तो निम्मा खरा आहे. अष्टमान पद्धतीत हा डौल सात एक्क्यांपर्यंतच टिकतो. पण अवयव मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नसतात. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. पैकी १११ म्हणजे ३ × ३७, तर १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या. म्हणून आपल्या सतरा अंकी संख्येत ३ चार वेळा येतो. ३७ आणि ३३३६६७ दोन-दोन वेळा. तिचे एकूण विभाजक भरतात ४५. एक ते नऊची बेरीजही ४५, पण हा निव्वळ योगायोग. त्यात अर्थ शोधू नये.

तिच्या अंकांची बेरीज ८१. त्याच ८१ ने तिला गुणलं की ९९९९९९९९८००००००००१ मिळतात, म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. या वर्गाचे मधोमध दोन तुकडे करा: ९९९९९९९९८ आणि ००००००००१. बेरीज ९९९९९९९९९. वर्ग तोडून बेरीज केल्यावर जी पुन्हा स्वतःच हाती येते, तिला कापरेकर संख्या म्हणतात.