उथळ पाण्यातली छत्री: हलकी अंब्रेला रिग कशी निवडायची?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. भागात आकडे जरा जास्त आहेत आणि कानाने ऐकलेले आकडे माझ्याही डोक्यात राहत नाहीत. म्हणून स्क्रीनशॉट काढता येईल असं लिहून ठेवतोय.

मी डॅलसजवळ राहतो. सोमवार ते शुक्रवार कोड, शनिवारी तळं. फेब्रुवारीच्या शेवटी सांगलीहून बाबा आले होते. त्यांना घेऊन रे रॉबर्ट्स तलावावर गेलो. टेक्सासच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून मासे पकडायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे बाबांच्याही हातात रॉड देता आला. माझ्याकडे नवीकोरी अंब्रेला रिग होती. पाच तारा, पाच रबरी मासे, पाच गळ. बाबांनी ती उचलून बघितली आणि म्हणाले, "अरे, एका माशासाठी पाच गळ? आम्ही कृष्णेवर एका गळावर अख्खी सुट्टी काढायचो."

तिसऱ्याच फेकीला रिग तळाशी जाऊन बुडालेल्या खोडात अडकली. ओढली, अजून ओढली, आणि लाईन तुटली. काठापासून जेमतेम पंधरा फूट, कमरेपेक्षा कमी पाणी. मी म्हटलं, "जाऊ दे बाबा, सगळ्यांचंच तुटतं." ते म्हणाले, "उन्हाळ्यात इथं पोरं उतरत असतील ना? पाच गळ आहेत त्याला."

यावर काय बोलणार? बुटांसकट पाण्यात उतरलो. पाणी इतकं गार होतं की पाय माझेच आहेत का, असं वाटायला लागलं. वाळक्या फांदीने चाचपत रिग सोडवली. एक गळ जॅकेटच्या बाहीत घुसला तो घुसलाच. घरी येताना ठरवलं की ही गोष्ट नीट समजून घ्यायची.

आधी, ही रिग म्हणजे काय?

छत्री उघडल्यावर काड्या पसरतात तशा एका लहान डोक्यातून तारा पसरलेल्या असतात. प्रत्येक तारेच्या टोकाला रबरी मासा. ओढल्यावर पाण्यातून लहान माशांचा थवाच चाललाय असं वाटतं. टेक्सासच्या तलावांत लार्जमाऊथ बास ज्यांच्यावर जगतो, त्या शॅड नावाच्या चंदेरी माशांचा थवा. समुद्रात स्ट्राइप्ड बाससाठी बोटीमागून ओढायच्या अशा रिग आधीपासून होत्या. गोड्या पाण्यात ती गाजली ऑक्टोबर २०११ मध्ये. अलाबामातल्या गंटर्सव्हिल तलावावर पॉल इलायस यांनी हिच्या जोरावर चार दिवसांत १०२ पौंडांहून जास्त, म्हणजे ४६ किलोंच्या वर बास तोलून स्पर्धा जिंकली. तिला 'अलाबामा रिग' असंही म्हणतात. ती इतकी चालली की २०१२ मध्ये बासमास्टर एलिट सिरीजने तिच्यावर बंदीच घातली.

मग उथळ पाण्यात अडचण कुठे येते?

वजनात. पाकिटावर लिहिलेलं असतं फक्त सांगाड्याचं वजन. आपण फेकतो ते सगळं मिळून. माझी पहिली रिग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तेव्हा हिशेब असा निघाला:

- सांगाडा: १८ ग्रॅम
- पाच जिगहेड (गळाला जोडलेली शिशाची डोकी), प्रत्येकी ७ ग्रॅम: ३५ ग्रॅम
- पाच रबरी मासे, प्रत्येकी चार इंच, ८ ग्रॅम: ४० ग्रॅम
- एकूण: ९३ ग्रॅम

आणि माझ्या रॉडवर हँडलच्या वर छापलेली मर्यादा होती १ औंस, म्हणजे २८ ग्रॅम. तिप्पट! रॉड मोडला नाही हे नशीब.

दुसरं, बुडण्याचा वेग. आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये तीन फुटांची खूण आहे. तिथे गळ काढून टाकलेली रिग सोडली आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. (शेजाऱ्यांनी बघितलं. असू दे.) जड रिग साधारण सव्वा सेकंदात तळाला. म्हणजे फेक पाण्यात पडते, मी रील फिरवायला घेतो, तोवर खेळ संपलेला. मग ती वर ठेवायला भराभर ओढावं लागतं. पण पाणी १०-१२ अंश असताना बास सुस्त असतो, भराभर पळणाऱ्या थव्यामागे तो धावत नाही. खोल पाण्यात वजन लागतं. दोन-चार फूट पाण्यात तेच वजन आपल्याला एकतर खोडात अडकवतं, नाहीतर पळायला लावतं.

हलकी रिग जुळवायची कशी?

पाकिटावरचं 'लाइट' वाचून फसू नका. हे बघा:

- सांगाडा: ९-१० ग्रॅमचा, बारीक तारांचा. बारीक तार वाकते, पुन्हा सरळ करता येते, पण तीच जागा सारखी वाकवली की धातू थकतो आणि तुटतो. घडी पडलेली दिसली की ती रिग निवृत्त करा.
- जिगहेड: १/१६ औंस, म्हणजे पावणेदोन-दोन ग्रॅम. सगळ्यात मोठी बचत इथे होते.
- रबरी मासे: चार इंचांऐवजी तीन इंचांचे, साधारण ४ ग्रॅमचे. जास्त जाड घेऊ नका.
- चकचकीत पाती: तारांवर लहान पाती असलेली रिग उथळ पाण्यात कामाची. फिरताना ती पाण्याला अडतात, रिग वर धरतात आणि थवा मोठा असल्याचा भास होतो. म्हणजे कमी वजनात जास्त गर्दी.

पुन्हा बेरीज. ९ अधिक पाच जिगहेडचे ९ अधिक पाच माशांचे २० म्हणजे ३८ ग्रॅम. दीड औंसाची (४२ ग्रॅम) मर्यादा असलेल्या रॉडला हे चालतं. तुमचा रॉड माझ्यासारखाच १ औंसाचा असेल तर तीन तारांची रिग घ्या. ९ अधिक साडेपाच अधिक १२, साधारण साडेसव्वीस ग्रॅम. बसतंय! पूलमध्ये या तीन तारांच्या रिगला तीन फूट जायला जवळपास तीन सेकंद लागले. तेवढ्या वेळात रॉडचं टोक वर करून सावकाश ओढायला सुरुवात करता येते.

लाईनचंही बघा. फ्लुरोकार्बन बुडते, वेणी घातलेली ब्रेडेड लाईन तरंगते. रिग वर ठेवायची असेल तर ब्रेड मदत करते. तारांचा पसाराही हाताने बदलता येतो. जास्त पसरल्या तर रिग हळू बुडते, पण गवतात अडकते. गवत असेल तर तारा थोड्या मिटून घ्या.

आणि बाबांचा प्रश्न: पाच गळ कशाला?

खरं सांगायचं तर गरज नसते. बरेचदा बास सगळ्यात मागे राहिलेल्या, मधल्या माशावर झडप घालतो. म्हणून मधली तार थोडी लांब ठेवतात आणि तिला जरासा मोठा किंवा वेगळ्या रंगाचा मासा लावतात. बाकीच्या तारांना गळाऐवजी नुसती स्प्रिंग लावून रबरी मासे अडकवता येतात. वजन कमी, अडकणं कमी, आणि लाईन तुटलीच तर पाण्यात मागे राहणारा गळ एकच. शिवाय काही राज्यांत अशा रिगला किती गळ चालतात यावर कायद्याने मर्यादा आहे. टेक्सासमध्ये असाल तर 'आउटडोअर ॲन्युअल' हे सरकारी ॲप फोनवर ठेवा, नेटवर्क नसतानाही चालतं. दुसऱ्या राज्यात जाताना तिथले नियम आधी वाचा.

फेकण्याबद्दल एकच. ही रिग मनगटाने झटकायची नाही. दोन्ही हातांनी, गोलाकार, सावकाश फेकायची आणि फेकण्याआधी मागे वळून बघायचं. डोळ्यांवर गॉगल, खिशात पक्कड. बाहीतला गळ काढायला मला पंधरा मिनिटं लागली होती. तो बोटात घुसला असता तर आज हा भाग कुठल्यातरी इमर्जन्सी रूममधून आला असता.

मार्चच्या मध्यावर आम्ही दोघं पुन्हा त्याच काठावर गेलो. तीन तारा, एक गळ. सकाळभरात दोन बास लागले, त्यातला एक बाबांना. त्याला त्यांनी ओल्या हाताने धरलं, मी फोटो काढला आणि त्यांनीच त्याला परत पाण्यात सोडलं. आजीला व्हिडिओ कॉलवर सांगताना मात्र तो मासा हातभर लांब झाला होता. मी मध्ये बोललो नाही.

तर मंडळी, या आठवड्याचं काम एवढंच: आपल्या रॉडवर छापलेली मर्यादा वाचा, आपली रिग सगळ्या सरंजामासकट काट्यावर ठेवा आणि दोन्ही आकडे मला पाठवा. रॉडपेक्षा रिग जड निघाली तर लाजू नका, माझी तिप्पट होती. भेटू पुढच्या शनिवारी!